जुलेखाबीचे रिकामे हात

काम हाती घेण्याआधी जुलेखाबी उभी राहायची, पदर झटकायची आणि दोन्ही तळहात गिऱ्हाइकासमोर धरायची. मग बसायची. काम संपलं की पुन्हा उभी राहून तेच करायची. पिंजाऱ्याच्या घरचे लोक गादीतला कापूस लपवतात असा संशय घ्यायची अकोल्यात जुनी सवय होती. कोणी तो बोलून दाखवण्याआधीच ती निकालात काढायची. त्यात राग नसायचा आणि लाचारीही नसायची. दुकानदार सकाळी फळ्या काढतो आणि संध्याकाळी लावतो, तसं ते चालायचं.

पन्नासचं दशक संपत आलं तेव्हा मी अकोल्यात एका दैनिकात उपसंपादक होतो आणि तिच्या घरासमोर भाड्याने राहत होतो. तिचा नवरा करीमचाचा पिंजारी. दिवाळी उलटली की खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य घेऊन, त्याच्या तातेवर, ताणलेल्या दोरीवर टोला मारत तो गल्ल्यांतून फिरायचा आणि जुन्या गाद्या, रजया घरी आणायचा. जुन्या गादीतला कापूस थेट पिंजता येत नाही. माणसांच्या वजनाने त्याचे गठ्ठे झालेले असतात आणि ते तातेवर अडकतात. ते आधी हाताने सोडवावे लागतात. हे काम जुलेखाबीचं. दिवसभर ती ओट्यावर बसलेली असे. डाव्या हाताने गठ्ठा बुडाशी धरायचा आणि उजव्या हाताच्या बोटांनी कडेपासून थोडा थोडा मोकळा करत आत जायचं. ओढायचं नाही. तिच्या भुवयांवर रुईचा एखादा तंतू कायम असे, आणि तो काढायला सांगितलं तर म्हणे, "राहू द्या, उद्या पुन्हा येईन तो."

गठ्ठा हातात आला की ती आधी तो नाकाला लावायची. घरात दूधपितं मूल आहे, कोणी दम्याचा आहे, कोणी अंथरुणात खातं, हे तिला वासावरून कळे. एका वकिलांच्या घरची गादी सोडवताना ती वकिलीणबाईंना म्हणाली, "बाई, याच्यावर झोपणारं माणूस एकाच कुशीवर झोपते. दुसऱ्या अंगाले काई दुखते का त्याच्या?"

"तुला कापसाचं सांगितलंय, माणसांचं नाही," वकिलीणबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. आठ दिवसांनी गादी न्यायला आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं की वकिलांचा उजवा खांदा दीड वर्षापासून दुखत होता आणि त्यांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. जुलेखाबीने पदर झटकला, हात दाखवले आणि एवढंच म्हटलं, "गठ्ठा आपोआप होत नाई, बाई. कोणीतरी एका जागी पडून राहते, तवा होते."

पावसाळ्यात ती कापसाला हात लावत नसे. कितीही गरज असो, कोणीही येवो. ओला गठ्ठा सोडवायला गेलं की तो आणखी घट्ट होतो, हा तिचा नियम होता. तो न कळल्यामुळे आमच्या घरात जे झालं, तिथून पुढची हकीकत सुरू होते.

रेल्वेतल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्याची लांब केसांची करडी मांजर माझ्या पत्नीने ठेवून घेतली. तशी मांजर गल्लीत कोणी पाहिलेली नव्हती. तिचं नाव दुलई जुलेखाबीनेच ठेवलं. दुसऱ्या वर्षी थंडीच्या तोंडाशी दुलईच्या पोटाखाली आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला गाठी दिसू लागल्या. पत्नीने खोबरेल चोळलं. जिनिंगचे दिवस होते, गल्लीभर रुई उडत होती. ती सगळी तेलाला चिकटली. मग मी रिठ्याच्या पाण्याने मांजर धुतली. वाळल्यावर त्या गाठी खोगिराखालच्या दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारख्या झाल्या. मांजर चालताना मागचे पाय फाकवून टाकू लागली.

मी कात्री घेऊन अंगणात बसलो. पहिली गाठ चिमटीत धरून वर उचलली तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून आवाज आला.

"बाबूजी, कैची ठेवा! केसासंग कातडी वर येऊन रायली, दिसत नाई का?"

ती रस्ता ओलांडून आली, गाठीचा वास घेतला आणि पत्नीकडे पाहिलं. "तेल तुमी लावलं. पाणी यायनं टाकलं. दुलई होती, दोघांनी मिळून गोधडी करून टाकली."

दोन दिवस तिने मांजरीला नुसती उन्हात बसवली. तिसऱ्या दिवशी मांडीवर घेतली. त्याआधी उभी राहून पदर झटकला आणि दोन्ही तळहात मांजरीपुढे धरले.

"मांजरीलाही दाखवायचे?" मी विचारलं.

"गिऱ्हाइक हाये ते. माणसाहून जास्त संशयी."

गाठीवर तिने ज्वारीचं पीठ भुरभुरलं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी केस कातडीलगत घट्ट धरले, म्हणजे ओढ लागली तरी ती बोटांना लागावी, मांजरीला नाही. उजव्या हाताने टोकाकडून केस सुटे करायला सुरुवात केली. कोळ्याचं जाळं विस्कटतं तसं गाठीचं टोक हळूहळू विरळ होत गेलं. शेपटीचा पहिला झटका आला की काम थांबायचं. मग उद्या. दिवसाला अर्धी गाठ सुटे, कधी तेवढीही नाही.

जुलेखाबीच्या ओट्याला लागून पुंडलिकची खोली होती. पुंडलिक एका जिनिंग प्रेसमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या कामावर होता. बायको पूर्वीच वारलेली. घरात म्हातारी आई सखूबाई आणि बारा वर्षांची मुलगी कौसल्या, म्हणजे कौशी. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर पुंडलिकने देव्हाऱ्यातले देव काढले. दीक्षा सखूबाईंनीही घेतली होती, पण देवीची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. आदल्या उन्हाळ्यात कौशीला विषमज्वर झाला. महिना-सव्वा महिना ती अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा डोक्याच्या मागे केसांचा कडक गोळा झाला होता. गल्लीतल्या बायांनी तो पाहिला आणि सांगितलं, जट आली.

बाईच्या केसात जट आली म्हणजे देवी आली असं मानत. तिला फणी लावायची नाही, लोखंड लावायचं नाही. कापली तर घरातला कर्ता पुरुष जातो. आणि मुलगी देवीची. सखूबाईंनी जटेला हळद लावायला सुरुवात केली. शाळेत कौशीच्या शेजारी कोणी बसेना, मास्तर काही बोलेना. ती घरी बसली. चैत्रातल्या जत्रेत तिला देवीच्या नावाने वाहायचं असं बायांनी सखूबाईंकडून जवळपास वदवून घेतलं होतं. वाहिलेली मुलगी पुढे शाळेत जात नाही, तिचं लग्न होत नाही. पुंडलिकने एकदा कात्री उचलली तेव्हा सखूबाई आडव्या आल्या. त्यांना तो बाजूला सारू शकला असता. पण कौशीच ओरडली, "बाबा, नका कापू! तुमी मराल!" त्याने कात्री खाली ठेवली.

हिवाळ्यात ही मुलगी दिवसभर ओट्याच्या कडेला बसून मांजरीचं काम पाहत असे. डोक्यावर सदैव फडकं. सखूबाईही एकदा येऊन उभ्या राहिल्या.

"मांजराले जट आली व माय. जुलेखा, हात नोको लावू."

"जट नाई, सखूबाई. गाठ हाये."

"तुले काय कळते?"

"गाठीचंच कळते. दुसरं काई कळत नाई मले."

चौथ्या-पाचव्या दिवशी जुलेखाबीने दुलईचं तोंड हुंगलं. मग मला हाक मारली. "बाबूजी, गाठ पोटाखाली हाये, पण खराबी तोंडात हाये. दात सडला हिचा." दुलई टोपलीत घालून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. बैल आणि म्हशींच्या रांगेत मांजर पाहून कंपाउंडर हसला. "अहो, मांजर कोणी आणते का इथं?"

"बैलाचा दात दुखला तर तो वैरण खाते का?" जुलेखाबीने विचारलं. "नाई ना? मंग हिचाबी पाहा."

डॉक्टरने पाहिला. दाढ खरंच सडली होती. ती काढल्यानंतर चौथ्या दिवशी दुलई उन्हात बसून स्वतःचं पोट चाटू लागली.

"पाह्य," जुलेखाबी कौशीला म्हणाली, "तोंड दुखे म्हणून अंग चाटणं सोडलं होतं तिनं. पडून राहे. म्हणून गठ्ठे झाले. आता नाई होणार."

कौशीने पुढे होऊन मांजरीच्या मोकळ्या केसांतून बोट फिरवलं. मग म्हणाली, "चाची, मीबी पडून होती."

जुलेखाबीने मान वर केली नाही. "मले माहीत हाये," ती म्हणाली.

पुढचं बोलणं सखूबाईंशी झालं. ते मी माझ्या अंगणातून ऐकलं. जुलेखाबीने देवीविषयी एक शब्द काढला नाही. तिने फक्त विचारलं की देवीला लोखंड चालत नाही, पण बोटं चालतात का. दुसऱ्या दिवशी सखूबाईंनी तीन अटी सांगितल्या: लोखंड लागायचं नाही, आपण समोर बसणार, आणि 'थांब' म्हटलं की थांबायचं. जुलेखाबी तिन्हींना हो म्हणाली.

करीमचाचा मात्र चिडला. "दुसऱ्याच्या देवात बोट काहून घालून रायली तू? उद्या त्या पुंडलिकले साधी शिंक आली तरी गल्ली आपल्या दारात येईन."

"येईन तर येईन," ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखं समोर येऊन मांजरीची चौकशी केली नाही. धोका तिला कळत होता.

काम पौषात सुरू झालं. रोज दुपारी ती उभी राहून पदर झटकायची, दोन्ही तळहात सखूबाईंपुढे धरायची. सखूबाई ते निरखून पाहायच्या, बोटांच्या फटीसुद्धा. मग कौशी ओट्यावर पाठमोरी बसे. हळदीचा थर तिळाच्या तेलाने भिजवून पुसून काढायलाच सहा दिवस गेले. मी विचारलं की मांजरीला तेल वाईट आणि पोरीला चांगलं, हे कसं. "मांजर तेल चाटते आणि रुईत लोळते," ती म्हणाली. "कौशी लोळते का?" कौशी त्या दिवशी पहिल्यांदा हसलेली मी पाहिली.

डाव्या हाताने मुळाशी धरायचं, उजव्याने टोकापासून यायचं. रोज पेरभर. सोडवताना जुलेखाबीच्या बोटांत सुटे केस येत. ते ती सखूबाईंच्या हातावर ठेवी. "पाहा. कापला नाई. याचं मूळ याच्यासंगच हाये. तापात गळालेला केस हाये हा, मेलेला. जित्या केसानं त्याले धरून ठेवलं, बस." सखूबाई केस उजेडात धरून पाहत. दहाव्या-बाराव्या दिवशी त्या स्वतःच एक बट हातात घेऊन सोडवू लागल्या. त्यांची नजर अधू होती, पण बोटं चांगली होती. "जुलेखा, तू भल्ली हळू करतं," त्या म्हणाल्या. "तुमी जोरानं करता," जुलेखाबी म्हणाली, "पोरगी डोळे मिटून रायली, पाहा."

तिसऱ्या आठवड्यात पुंडलिकला ताप भरला.

पहिल्या दिवशी तो कामावरून दुपारी परत आला. दुसऱ्या दिवशी उठला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या चार-पाच बाया सखूबाईंच्या दारात उभ्या होत्या. त्या भांडत नव्हत्या, हळू आवाजात बोलत होत्या. कौशी डोक्यावर फडकं गुंडाळून बापाच्या अंथरुणाशी बसून होती आणि हलत नव्हती. ओट्यावर करीमचाचा पिंजणीची तात उगाच घट्ट करत होता. जुलेखाबी गठ्ठे सोडवत होती. त्या दोन दिवसांत तिचं काम फारसं पुढे सरकलं नाही, एवढं मी पाहिलं. दवाखान्यातल्या डॉक्टरने हिवताप सांगून गोळ्या दिल्या होत्या, पण गोळ्यांविषयी कोणी बोलत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी पुंडलिक उठला. अंगावर रजई घेतली, भिंतीला धरत बाहेर आला आणि जुलेखाबीच्या ओट्यावर बसला. थंडीने त्याचे दात वाजत होते. आतून कौशीला हाक मारली.

"कौशे, इथं ये. बस अशी."

"बाबा..."

"मले पाह्य. मेलो का मी?"

"नाई."

"बोलून रायलो ना?"

"हो."

"मंग बस. मी रोज इथंच बसतो. मेलो तर दिसनच तुले." मग दारात पुन्हा जमलेल्या बायांकडे वळून म्हणाला, "तुमीबी बसा. जागा हाये."

एक बाई हसली. बाकीच्या पांगल्या. कौशी येऊन पाठमोरी बसली. मग वळली आणि बापाकडे तोंड करून बसली, म्हणजे तो समोर दिसत राहावा. जुलेखाबीला त्यामुळे मागून वाकून काम करावं लागणार होतं. ती उठली, पदर झटकला आणि सखूबाईंपुढे हात धरले. या वेळी सखूबाईंनी ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, क्षणभर धरले आणि सोडले. म्हणाल्या, "कर."

पुंडलिक पाच दिवस रजई पांघरून तिथे बसला. सहाव्या दिवशी कामावर गेला.

शेवटी लिंबाएवढा गोळा राहिला. तो सुटेना. दुलईच्याही मांडीत एक गाठ अशीच राहिली होती. जुलेखाबीने तिला हात लावणं सोडून दिलं, तेव्हा ती खालच्या नव्या केसांबरोबर कातडीपासून दूर सरकली आणि एक दिवस गळून पडली. कौशीच्या बाबतीतही तिने तेच केलं. गोळ्याभोवतीचा जिता केस तेवढा एक एक मोकळा केला आणि बाकीचं तसंच ठेवलं. माघ संपत आला असताना एका दुपारी तो गोळा तिच्या हातात आला. कौशीला कळलंही नाही. जुलेखाबीने तो सखूबाईंच्या ओंजळीत ठेवला, उभी राहिली, पदर झटकला आणि रिकामे तळहात पुढे धरले.

कौशीने हात मागे नेऊन डोकं चाचपलं. फणी सखूबाईंनीच आणली.

त्या संध्याकाळी पुंडलिक माझ्याकडे आला. "साहेब, पेपरात छापा. जट गेली, कोणी मेलं नाई. लोकायले कळलं पायजे." बातमी म्हणून त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी कागद पुढे ओढला. जुलेखाबी दुलईला पाहायला दारात आली होती; तिने ऐकलं.

"बाबूजी, तुमचा पेपर उद्या चुलीत जाईन. पोरगी इथंच राहीन. तिच्या नावाले ते चिकटलं तर कोण सोडवाले बसन?"

पुंडलिकने माझ्यापुढचा कागद बाजूला सारला. मग म्हणाला, "राहू द्या, साहेब." मी ती बातमी दिली नाही. आज लिहितानाही मुलीचं नाव बदललं आहे.

सखूबाईंना तो गोळा वर्धा नदीत सोडायचा होता, कौंडण्यपूरला. पुंडलिकला हे पटणारं नव्हतं आणि त्याने ते लपवलं नाही. पण रविवारी सकाळी तोच पिशवी घेऊन आईबरोबर निघाला. "देवासाठी नाई येऊन रायलो, माय," तो गल्लीतच म्हणाला. "तू एवढ्या दूर एकटी कशी जाशीन, म्हणून." सखूबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि चालू लागल्या. चैत्रातल्या जत्रेला त्या घरातून कोणी गेलं नाही. जूनमध्ये कौशी शाळेत परत गेली, एक वर्ष मागच्या वर्गात. गळालेले केस नुकते येत होते, वेणी उंदराच्या शेपटीएवढी. तरी कौशी ती मुद्दाम पुढे घ्यायची.

काही महिन्यांनी माझी अमरावतीला बदली झाली. दुलई आमच्याबरोबर आली आणि म्हातारी होऊन गेली. शिकवल्याप्रमाणे पत्नी तिला रोज पाच मिनिटं बोटांनी विंचरत असे. पुन्हा गाठ झाली नाही. कौशी पुढे शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला अमरावतीला आली. सुटीच्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला यायची.

साठचं दशक संपायला दोनेक वर्षं राहिली असताना मी कामासाठी अकोल्याला गेलो होतो. मोटार स्टँडवर बार्शीटाकळीच्या गाडीच्या खिडकीत जुलेखाबी दिसली. करीमचाचा वारला होता, पिंजायची यंत्रं आली होती आणि ती मुलीकडे राहायला निघाली होती. मांडीवर बोचकं. भुवईवर आता रुई नव्हती, भुवयाच पांढऱ्या झाल्या होत्या.

"दुलई?" तिने आधी विचारलं.

"गेली. दोन वर्षं झाली."

"केस?"

"शेवटपर्यंत मोकळे होते."

तिने मान हलवली. मी सांगितलं की कौशीला नोकरीचा हुकूम आला, मेळघाटच्या पायथ्याशी एका गावात, मुलींच्या शाळेवर. "आन् तिचे केस?" मी हात कमरेशी नेऊन दाखवला. ती हसली. म्हणाली, "मंग रोज विंचरायले अर्धा घंटा जात असन पोरीचा."

गाडी सुरू झाली. जुलेखाबीने बोचकं बाजूला ठेवलं, बसल्या जागी पदर झटकला आणि दोन्ही तळहात खिडकीबाहेर धरले. सांधे धरल्यामुळे बोटं पूर्ण उघडत नव्हती. तरी दोन्ही हात रिकामे आहेत, हे मला स्टँडच्या फाटकापर्यंत दिसत होतं.